चुरी मॅडमची आवर्त सारणी

चिकू झाडावर पिकत नाही, हे डहाणूकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. तो कडक असतानाच उतरवायचा, खोक्यात ठेवायचा आणि काही दिवस त्याच्याकडे बघायचं नाही. किस्से तसेच असतात. घडतात तेव्हा ते नुसतेच प्रसंग असतात, चीक लागलेले. कुणाला सांगावं असंही वाटत नाही. मग कधीतरी स्टाफरूममध्ये चहा येतो, कुणीतरी एकाचं झाकण उघडतं आणि बघता बघता खोकंच्या खोकं संपतं.

माझ्याकडचं बहुतेक खोकं चुरी मॅडमच्या नावाचं आहे. मी राऊत, फिजिक्स शिकवतो. चुरी मॅडम केमिस्ट्री शिकवतात. आमचं ज्युनिअर कॉलेज डहाणू आणि तलासरीच्या मधे, रस्त्याच्या कडेला आहे. अर्धी मुलं समुद्राकडून येतात, अर्धी डोंगराकडून. मॅडमची सरावलीला चिकूची वाडी आहे, मी स्टेशनजवळ राहतो, त्यामुळे सकाळची एसटी आम्हा दोघांची एकच. मॅडम बसमध्ये खिडकीशी बसतात आणि बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते वर्गात.

आणि वर्गात त्यांचा सगळ्यात आवडता धडा म्हणजे आवर्त सारणी. त्यातही ते ट्रेंड्स. ओळीत पुढे गेलं की काय वाढतं, खाली उतरलं की काय कमी होतं. बाकीचे शिक्षक तो भाग बाण काढून उरकतात. मॅडम त्याला पंधरवडा देतात. का देतात, ते ऐका.

*

अकरावीचा वर्ग. मॅडमनी फळ्यावर सोडियमपासून क्लोरीनपर्यंत ओळ लिहिली आणि सांगितलं, की डावीकडून उजवीकडे जाताना एकेक इलेक्ट्रॉन वाढतो, पण अणू मात्र लहान होत जातो.

मुलांनी लिहून घेतलं. आमची मुलं सगळं लिहून घेतात. पण सुमन नावाची एक मुलगी, डोंगराकडच्या एका पाड्यावरची, पेन खाली ठेवून बसली. आश्रमशाळेतून दहावी झालेली, अजून वर्गात तोंड न उघडलेली. मॅडमनी विचारलं, काय झालं?

सुमन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे वहिनी आली, मग तिची पोरं झाली, तेव्हा बाबांनी पडवी वाढवली. माणसं वाढली तर घर लहान कसं होईल?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि सगळ्यांना मैदानात नेलं. एका मुलाला मधे उभं केलं, तो न्यूक्लियस. बाकीचे भोवती, ते इलेक्ट्रॉन. मधल्याची ओढ वाढत जाते, तसे बाहेरचे आत ओढले जातात, असं काहीतरी करून दाखवायचं होतं. जमेना. मुलं एकमेकांना ढकलायला लागली आणि न्यूक्लियस पडला.

मॅडम ओट्यावर बसल्या. तेवढ्यात सुमन जवळ आली आणि म्हणाली, की हे तारप्याच्या नाचासारखं आहे का? मधे तारपावाला असतो, भोवती नाचणारे गोल धरतात. एकाच्या जागी दोघं-तिघं जोरदार वाजवायला लागले, की गोल आपोआप आत सरकतो. माणसं वाढली तरी.

मॅडमनी तिला विचारलं, आणि त्या गोलाच्या बाहेर आणखी एक गोल धरला तर?

सुमननं थोडा विचार केला. "मग मधली माणसं आड येतात. बाहेरच्यांना नीट ऐकू येत नाही. ते लांबच राहतात."

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या सरळ माझ्या समोर येऊन बसल्या. मी विचारलं, तास संपला का लवकर?

त्या म्हणाल्या, "राऊत सर, ओळीत अणू लहान का होतो आणि खाली उतरताना मोठा का होतो, हे समजायला मला एम.एस्सी. करावं लागलं. हिला एक तारपा पुरला."

*

आवर्त सारणी भिंतीवर रंगवायची, ही कल्पनाही मॅडमचीच. वर्गातला कागदी तक्ता पावसाळ्यात बुरशी येऊन गेला होता. त्यांनी प्राचार्यांकडून व्हरांड्यातली भिंत मागून घेतली आणि डहाणूतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आणला.

पेंटर हात बसलेला होता. पण त्यानं चौकोन जरा ऐसपैस आखले. पाट्यांची सवय. रंगवत रंगवत सतराव्या स्तंभापर्यंत आला आणि भिंत संपली. अठरावा स्तंभ, म्हणजे हेलियम, निऑन, आर्गॉन वगैरे राजवायू, कुणाशी संयोग न करणारी सगळी मंडळी, बाहेर राहिली.

पेंटरनं ब्रश डब्यात टाकला आणि वाट बघत उभा राहिला. प्राचार्य आले. सज्जन माणूस, विषय इतिहास. त्यांनी विचारलं, की हे शेवटचे जे आहेत ते नेमकं काय करतात?

मॅडम म्हणाल्या, काही करत नाहीत.

प्राचार्य म्हणाले, मग अडचण काय? नाहीच घेतले तर?

मॅडमनी शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं. "सर, काही करत नाही म्हणून काढायचं ठरवलं, तर आपल्या स्टाफरूममध्ये चहा कुणासाठी येईल?"

मी खिडकीत कप घेऊन उभा होतो. कप खाली ठेवला.

शेवटी अठरावा स्तंभ कोपरा वळवून शेजारच्या भिंतीवर रंगवला. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. मुलं तिथे बाटल्या भरत उभी राहतात आणि डोळ्यांसमोर तेवढाच स्तंभ असतो. बाकी सारणी कुणाला येवो न येवो, आमच्या कॉलेजात राजवायू बालवाडीच्या गाण्यासारखे पाठ असतात.

*

एकदा तपासणीसाठी एक मोठे अधिकारी आले. प्रयोगशाळा बघताना त्यांना रॉकेलमध्ये ठेवलेला सोडियमचा डबा दिसला. त्यांनी लहानपणी कधीतरी तो प्रयोग पाहिला होता. म्हणाले, दाखवा बघू मुलांना.

मॅडमना तेच हवं होतं. पहिल्या गणात खाली उतरावं तसा धातूचा तापटपणा वाढत जातो, हे सांगायला त्याहून चांगला प्रयोग नाही. त्यांनी चष्मा लावला, मुलांना मागे सरकवलं, चिमट्यानं सोडियमचा तुकडा काढला, रॉकेल टिपून घेतलं आणि सुरीनं मूगडाळीएवढा कण कापला.

साहेबांनी मोबाईल काढून धरला होता. तो कण बघून ते नाराज झाले. म्हणाले, एवढंसं व्हिडिओत दिसणार नाही, जरा बऱ्यापैकी तुकडा टाका. मॅडम नाही म्हणाल्या. साहेबांनी पुन्हा सांगितलं. प्राचार्यांनी मॅडमना डोळ्यांनी विनवलं. साहेबांच्या बरोबरचा माणूस म्हणाला, की मॅडम, साहेब सांगतायत.

मॅडमनी उरलेला तुकडा पुन्हा डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं. "साहेब, सोडियमला हुद्दा कळत नाही."

मॅडमनी तो कण पाण्यात टाकला. तो गोळी होऊन पाण्यावर फिरायला लागला, फुसफुसला, पिवळा पेटला आणि शेवटी असा काही फटकन फुटला, की साहेबांचा व्हिडिओ पुढचा सगळा छताचा आला.

साहेब माणूस म्हणून चांगले निघाले. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, शर्ट झटकला आणि मॅडमना विचारलं, की ह्याच्या खालचा जो कोण आहे तो कुठे ठेवता?

मॅडम म्हणाल्या, "पोटॅशियम? तो मी मागवतच नाही. मुलं माझी आहेत."

*

आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. तलासरीकडची माणसं आता तेवढ्यासाठी जेवण अर्धं टाकून उठत नाहीत. पण प्रयोगशाळेत मॅडमनी प्रत्येक फळीला समोरून दोरी बांधून घेतली आहे, बाटल्या खाली येऊ नयेत म्हणून.

एकदा प्रॅक्टिकल चालू असताना चांगलाच धक्का बसला. मुलं ठरल्याप्रमाणे रांगेत मैदानात आली. मोजली, सगळी होती. मॅडम नव्हत्या. प्राचार्य कासावीस झाले, मी दाराकडे धावलो. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. चालत. दोन्ही हातांत सोडियमचा डबा, तान्हं मूल धरावं तसा.

प्राचार्य पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडले. जिवापेक्षा डबा मोठा आहे का, असं बरंच बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की नळाची पाइप फुटून आत पाणी झालंय, आणि डबा खालच्या फळीवर होता.

प्राचार्यांना त्या दिवसाचा व्हिडिओ आठवला असावा. ते दोन पावलं मागे झाले आणि म्हणाले, "मग अजून जरा लांब उभ्या राहा."

*

मॅडमच्या सासूबाईंना मी वाडीवर एकदा भेटलो. हळदीकुंकू होतं, मी बायकोला सोडायला गेलो होतो. सासूबाई म्हणजे करारी बाई, नव्वदीच्या आसपास, अजून चिकूची तोडणी खुर्चीत बसून बघतात. आलेल्या बायकांशी सुनेची ओळख करून देत होत्या. म्हणाल्या, "आमच्या सूनबाईला सगळ्या धातूंचे स्वभाव माहीत आहेत. कोण तापट, कोण थंड, कोण कुणाला काय देतो. फक्त माणसांचे कळत नाहीत."

मॅडम तिळगूळ वाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "धातू ओळीत बसतात, आई. नातेवाईक बसत नाहीत."

सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

*

आता जरा वेगळा किस्सा.

ओळीत पुढे जावं तसा अणूतून इलेक्ट्रॉन काढायला जास्त जोर लागतो. हा नियम. पण नायट्रोजननंतर ऑक्सिजन येतो आणि तिथे नियम चुकतो. ऑक्सिजनला नायट्रोजनपेक्षा कमी जोर लागतो. परीक्षेत ह्यावर एखादा प्रश्न येतो, कधी येतही नाही. मॅडमनी त्या एका अपवादावर अख्खा तास घेतला.

त्या तासाला सुमननं विचारलं, की ज्या माणसानं हे पहिल्यांदा मोजलं, त्याला आधी आपलंच मोजणं चुकलं असं वाटलं असेल ना?

मॅडमनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, हा प्रश्न मला कुठल्याच वर्गात कुणी विचारला नव्हता. मग उरलेला वेळ त्यांनी तेवढंच बोलण्यात घालवला. आकडा नियमात बसला नाही, तर आधी काय तपासायचं, पुन्हा कसं मोजायचं, आणि तरीही तो तसाच आला तर तो फेकून द्यायचा नाही, त्याच्याजवळ बसायचं. तिथेच काहीतरी असतं. नायट्रोजनच्या बाबतीत होतंच. त्याचे शेवटचे तीन इलेक्ट्रॉन तीन खोल्यांत एकेक असे सुखानं बसलेले असतात, आणि ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी खोलीत दाटीनं शिरावं लागतं. दाटीतला माणूस लवकर बाहेर पडतो.

हे सगळं फार छान, पण पोर्शन मागे राहिला. त्या वर्षी निकालाची काळजी होती. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं, मीही तिथेच होतो. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, की मॅडम, मार्क नियमाला असतात. अपवाद सोडून द्या. आपल्या मुलांना नियम आला तरी पुष्कळ झालं.

मॅडमना राग आला की त्या पदर नीट करतात, तसा केला.

"सर, सुमनच्या पाड्यावर तिच्याआधी कुणी अकरावी सायन्सला आलेलं नाही. रांगेतल्या मागच्या बाकावरचे ते दोघं भाऊ, त्यांच्याही घरी नाही. ह्या वर्गात निम्मी मुलं तशीच आहेत. मी अपवाद सोडून दिले तर शिकवू कुणाला?"

प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, परत ठेवला. मग मला म्हणाले, की राऊत, तुमचे शनिवारचे दोन तास मॅडमना देता येतील का?

दिले. अजून परत मिळालेले नाहीत.

*

धाकट्या डहाणूची रेश्मा अकरावीत होती. वडील बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमानं चालते. आई मासळी घेऊन बाजारात बसते. रेश्माला दहावीला मराठीतून उत्तम मार्क होते, पण अकरावीचं पुस्तक इंग्रजी. पहिल्या चाचणीत ती सगळ्या विषयांत गेली. त्यानंतर ती यायची बंद झाली, आणि मग तिच्या वडिलांचा मॅडमना फोन आला, की पोरीचा दाखला काढायचा आहे. तिला झेपत नाही, रडत बसते. आईबरोबर बाजारात बसेल.

मॅडम फोनवर वाद घालत नाहीत. बरं म्हणाल्या आणि मला विचारलं, की रविवारी याल का? माझं आजोळ त्या बाजूचं, घरं माहीत होती.

आम्ही गेलो तेव्हा बोटी किनाऱ्याला लागलेल्या होत्या. वाढवणच्या होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध सभा होती, म्हणून त्या दिवशी कुणी समुद्रात गेलं नव्हतं. रेश्माचे वडील ओहोटीत उघड्या पडलेल्या बोटीच्या मागे उकिडवे बसून काहीतरी खोलत होते. आम्हाला बघून उठले, हात पुसले. रेश्मा आईच्या मागे उभी राहिली. तिला वाटलं, दाखलाच घेऊन आलेत.

मॅडमनी दाखल्याचं नाव काढलं नाही. त्या बोटीजवळ गेल्या आणि विचारलं, काय बदलताय?

त्यांनी दाखवलं. बोटीचा पंखा ज्या लोखंडी दांड्यावर फिरतो त्याच्या शेजारी जस्ताची एक वडी बसवलेली असते. ती पार झिजून, खड्डे पडून, उंदरानं खाल्लेल्या साबणासारखी झाली होती. ते म्हणाले, दर मोसमात नवी लावावी लागते. नाही लावली तर खारं पाणी दांड्याला खातं. वडिलांच्या वेळेपासून लावतो आम्ही.

मॅडमना त्याचं कारण सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण त्या वळल्या आणि रेश्माला म्हणाल्या, की बाबांना सांग ना, असं का होतं ते. तुझ्या आवर्त सारणीच्याच धड्यात आहे.

रेश्मा खाली बघत राहिली. मग पुटपुटली, की मला इंग्रजीत नाही येत.

"इंग्रजी पेपराला. इथे बाबा आहेत. मराठीत सांग."

ती अडखळत बोलायला लागली. म्हणाली, की प्रत्येक धातूकडे इलेक्ट्रॉन असतात. काही धातू ते लवकर सोडतात, काही धरून ठेवतात. सारणीत कोण कुठे बसलाय त्यावरून पुष्कळसं कळतं. खारं पाणी ते मागतच असतं. लोखंडापेक्षा जस्त लवकर देतं. दोघं जोडलेले असले, की जस्त आधी पुढे होतं. ते असेपर्यंत पाणी लोखंडाला हात लावत नाही. बोलता बोलता ती आईच्या मागून पुढे आली होती, आणि वडी हातात घेऊन खड्डे दाखवत होती. कुठून किती गेलं, का गेलं.

तिच्या वडिलांनी वडी तिच्या हातातून घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. आयुष्यभर हाताळलेली वस्तू होती.

"म्हणजे हे दांड्याच्या वाट्याचं मरतं," ते म्हणाले.

रेश्मा हो म्हणाली.

रेश्माची आई तिथेच उभी होती. पहाटेपासून बर्फात हात घालून मासळी निवडणारी बाई. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळलेली. रेश्माचे वडील आता तिच्या हातांकडे बघत होते. तिनं हात पदराखाली घेतले.

"परीक्षा कधी आहे हिची?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी सांगितलं. आम्हाला चहा झाला, निघताना बोंबलांची पुडी मिळाली, दाखल्याचा विषय निघाला नाही. पुढे दोन्ही वर्षं मॅडमनी रेश्माला एकच नियम घालून दिला. प्रत्येक उत्तर आधी घरी कुणाला तरी मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं. तिची आई रात्री मासळीच्या टोपल्या धुताना अकरावी-बारावीची केमिस्ट्री सगळी ऐकून बसली आहे. रेश्मा बी.एस्सी. झाली आणि आता एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे.

मागच्या वर्षी मला तिचे वडील डहाणूच्या बाजारात भेटले. मी सहज विचारलं, बोट कशी आहे? म्हणाले, बोट बरी आहे, पण आता बंदरात कुणाच्याही बोटीचं लोखंड गंजलं, की माणूस माझ्याकडे येतो.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता?

"मी कुठे सांगतो? फोन लावून देतो पोरीला."

*

आणि हा शेवटचा. ह्याच्या नंतर दुसरा सांगता येत नाही, म्हणून मी तो नेहमी शेवटी ठेवतो.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तोंडी घ्यायला बाहेरचे परीक्षक आले होते, घाटावरचे, पहिल्यांदाच आमच्या भागात. कडक म्हणून त्यांचं नाव आमच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. सकाळपासून मुलं रडवेली होऊन बाहेर येत होती. मॅडम नियमाप्रमाणे त्यांच्या शेजारी बसलेल्या, पण त्यांना एक अक्षर बोलायची परवानगी नाही. मी परीक्षकांना जेवायला न्यायला म्हणून दारात थांबलो होतो.

सगळ्यात शेवटी विलास आत गेला. त्याचं घर तलासरीच्या पलीकडे, अगदी हद्दीवर. रेशन कार्ड महाराष्ट्राचं, वडिलांची नोकरी गुजरातेतल्या कारखान्यात. आई तिकडची, आजी इकडची. घरी वारली बोलतो, बाजारात गुजराती, कॉलेजात मराठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत काकाबरोबर बोरिवलीला एका मोठ्या सोसायटीत रंगकामाला जाऊन राहिला होता, फी भरायला. विलास हुशार होता, पण समोर अनोळखी माणूस आला, की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आधीच्या तोंडी परीक्षेत तो एकही शब्द बोलला नव्हता. ह्या वेळी तसं झालं असतं तर त्याचं वर्ष गेलं असतं.

परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. विलास गप्प. दुसरा विचारला. गप्प. मॅडम समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि पदर नीट करत होत्या. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. मग कदाचित दया आली असेल, म्हणाले, बरं, एक सोपं विचारतो. हायड्रोजन हा पहिल्या गणातल्या धातूंसारखा इलेक्ट्रॉन देतोही आणि सतराव्या गणातल्यांसारखा घेतोही. मग त्याची खरी जागा कुठली? पहिला गण की सतरावा?

विलासनं वर पाहिलं. का कोण जाणे, त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती.

"तो तलासरीचा आहे, सर."

परीक्षकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"कागद एकीकडे, कामधंदा दोन्हीकडे."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आणि हेलियम?"

"तो बोरिवलीचा, सर. शेजाऱ्याशीपण बोलत नाही."